खरं बोलणारा काटा

मित्रांनो, सिंगापुरातल्या किती तरी माणसांना मी उघडंनागडं पाहिलं आहे. रागावू नका, माझं कामच ते होतं. मी तान्ह्या बाळांचा वजनकाटा. पितळी तबक, लांब दांडी आणि तिच्यावर सरकणारं वजन.

जर्मनीत घडलो, बोटीने इथल्या एका जुन्या इस्पितळात आलो. जयवंतीबाई नावाच्या सिस्टर माझं गार तबक आधी तळहाताने ऊब देऊन मगच बाळ ठेवत. पुढे आकडे उजळणारी यंत्रं आली आणि माझी रवानगी कोठीत झाली.

१९९४ साली इस्पितळ नव्या इमारतीत जायचं ठरलं. त्याआधी जुनं इस्पितळ एक दिवस सर्वांसाठी खुलं ठेवलं. फिती, भाषणं, सगळा थाट. मला मधल्या टेबलावर मांडलं. चालू वस्तू संग्रहात जाणार, बिघडलेल्या भंगारात.

निवृत्त जयवंतीबाई मुद्दाम आल्या होत्या. माझं काम दाखवायला त्यांनी गर्दीतून उल्का नावाच्या एका तरुण आईला पुढे बोलावलं. तिचा नवरा कमलाकर जहाजावर इंजिनिअर. दोन महिन्यांच्या लेकीला, ऋग्वेदाला, घेऊन ती एकटीच आली होती. जयवंतीबाईंनी सवयीने बाळाचे कपडे, वाळे, बिंदल्या, साखळी, सगळं उतरवलं.

दांडी स्थिरावली. तीन किलो आठशे.

"शक्यच नाही!" उल्काने पर्समधून कार्ड काढलं. "कालच क्लिनिकमध्ये चार किलो पन्नास ग्रॅम भरलं."

व्यवस्थापक मिस्टर टॅन हसले. "स्पॉइल्ट ऑलरेडी, लाह!" मी बिघडलोय असं ठरवून त्यांनी भंगाराची लाल चिठ्ठी उचलली.

इतक्या वर्षांत खोटं बोललो नव्हतो मी.

जयवंतीबाईंनी मात्र कार्ड हातात घेतलं. "महिन्यापूर्वीही तीन आठशेच होतं की गं. काल ही चांदी अंगावर होती?"

"हो मावशी. सासूबाईंनी गेल्याच आठवड्यात साताऱ्याहून पाठवलीय. तीन महिने उतरवायची नाही, म्हणाल्या. नर्स काढा म्हणत होती, मीच नको म्हटलं."

बाईंनी बाळ उल्काकडे दिलं आणि भरीव दागिने तबकात ठेवले. वजन सरकवलं. अडीचशे ग्रॅम.

मिस्टर टॅन यांनी चिठ्ठी खिशात घातली. मी खरा ठरलो होतो. पण उल्काचा पांढरा पडलेला चेहरा पाहून जन्मात पहिल्यांदाच वाटलं, आज मी खोटा ठरलो असतो तर!

"म्हणजे... महिनाभर ही वाढलीच नाही?"

"आज कळलं ना? रडायचं नंतर. चल, डॉक्टर वरच आहेत."

ऋग्वेदाला पुरेसं दूध मिळत नव्हतं. डॉक्टरांनी वरचं दूध सुरू केलं. क्लिनिकमध्ये वजन होत होतंच, तरी उल्का दर शनिवारी तोआ पायोहच्या घरून संग्रहात माझ्याकडे येई, जयवंतीबाईही येत. पहिल्या शनिवारी वजन जेमतेम हललं. तिने ओठ घट्ट मिटले. चौथ्या शनिवारी जयवंतीबाईंना दांडीवरचं वजन दोनदा पुढे सरकवावं लागलं, कारण दांडी खाली येईचना.

"चार किलो सातशे!" बाई म्हणाल्या आणि दोघी लहान मुलींसारख्या हसल्या.

मित्रांनो, नकोसं सांगणाऱ्याला लगेच बिघडलेला म्हणू नका, मग तो काटा असो की माणूस. त्याचं पुन्हा एकदा नीट ऐका. तेवढ्यानेही एखादं बाळ वाचतं.