यजमानाने बसायचं नसतं

कुळसंताच्या दिवशी कुणाला आमंत्रण द्यायचं नसतं, हे सर्बियातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बापाकडून लेकाकडे आलेला हा दिवस, म्हणजे स्लावा. मेणबत्ती लावायची, दार उघडं ठेवायचं. ज्याला आठवण होते तो येतो, दारातच गोड गव्हाचा एक चमचा तोंडात घालतो, छातीवर क्रूस काढतो आणि जेवायला बसतो. यजमान मात्र बसत नाही. तो दिवसभर उभा राहून वाढतो, कारण त्या दिवशी घराचा खरा धनी म्हणजे तो संत, भिंतीवरच्या तसबिरीतला.

आणि तरीही ओब्रादने त्या वर्षी एका माणसाला फोन करून बोलावलं होतं.

त्याची लेक नेवेना प्रयोगशाळेचं शिक्षण पुरं करून घरी बसली होती. गावच्या इस्पितळात एक जागा निघाली होती. ती हुकली तर पोरगी जर्मनीला जाणार. कपाटावरची बॅग खाली आलीच होती. आणि इस्पितळाचा कारभार पाहणारे वुकोमान साहेब म्हणजे ओब्रादच्या थोरल्या बहिणीचे, दोब्रिलाताईंचे, जुने विद्यार्थी.

दोब्रिलाताई राजकीय अर्थशास्त्राच्या प्राध्यापक. उभी हयात त्यांनी एकाच गोष्टीचा अभ्यास केला, तो म्हणजे वशिल्याचा. इतर विद्वान आकड्यांत बुडालेले असताना ही बाई कचेऱ्यांच्या अन् दवाखान्यांच्या बाकांवर जाऊन बसे आणि शेजारच्याला विचारी, "इथे यायच्या आधी कुणाला फोन केलात?" लोक आधी हसत, मग सगळं सांगत. त्यातून जो ग्रंथ उभा राहिला तो आज परदेशात शिकवला जातो. त्यांची स्वतःची बढती मात्र वर्षानुवर्षं अडून राहिली. एक फोन करायचा होता, तो त्यांनी केला नाही. गुत्त्यात बसून बहिणीचं कौतुक सांगताना ओब्राद थकत नसे. ग्रंथ वाचला होता तो नेवेनाने, त्याने नव्हे.

वुकोमान आले तसं ओब्रादने त्यांना ताईंच्या शेजारी बसवलं. शेजारच्या स्तामेना मावशी आणि त्यांची लेक यागोदा मघाच आल्या होत्या. त्यांना टेबलाचं चुलीकडचं टोक मिळालं. यागोदानेही त्याच जागेसाठी अर्ज केला होता. मग ओब्राद साहेबांच्या कडेला चक्क खुर्ची ओढून बसला.

"काय रे, पाय मोडले का तुझे?" मावशी म्हणाल्या. सगळे हसले. ओब्रादही हसला, पण उठला नाही.

वुकोमानांनी पेला उचलला. "ओब्रादभाऊंनी इतक्या आग्रहानं बोलावलं, म्हणून आलो. बाई, तुमच्या भाचीची काळजी आता माझ्यावर सोडा."

'बोलावलं' हा शब्द ऐकताच चमचे थांबले. यागोदाने हातातला पाव ताटात ठेवला.

"वुकोमान, तू आलास, बरं वाटलं," ताई हळू आवाजात म्हणाल्या. मग भावाकडे वळून म्हणाल्या, "ओब्राद, आपल्या आबांनी जन्मात कुणाला बोलावलं होतं का रे आजच्या दिवशी?"

ओब्रादने मान खाली घातली. "ताई, सगळे करतात. मी नाही केलं, तर माझीच पोर मागे राहील."

"हेच. मी ज्याला ज्याला विचारलं त्याने हेच सांगितलं. प्रत्येकाला वाटतं, बाकीचे सगळे करतात. आणि देश सोडून जाणाऱ्या पोरांना विचारलं, का जाता? काही पोटासाठी जात होती. पण कितीतरी जण म्हणाले, इथे राहून आम्ही चांगले आहोत की नाही हेच आम्हाला कधी कळणार नाही. नोकरी मिळाली तर आपल्या फोनमुळे, हुकली तर दुसऱ्याच्या. तू जागा मिळवून देशील रे नेवेनाला. पण ती नेवेनाची होईल का?"

ओब्रादने लेकीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहतच नव्हती. ती पाहत होती यागोदाकडे, आणि तिचे कान लाल झाले होते.

बाप उठून उभा राहिला.

"साहेब, माझं बोलावणं मी परत घेतो. जेवल्याशिवाय जाऊ नका, तुम्ही संताचे पाहुणे आहात. पण माझ्या लेकीबद्दल मी तुमच्याशी काही बोललो नव्हतो असं समजा."

वुकोमान खुर्ची मागे सारून उठले, दाराबाहेर गेले आणि न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखे पुन्हा आत आले. गव्हाचा एक चमचा त्यांनी नव्याने तोंडात घातला. "परीक्षा होईल, बाई," ते म्हणाले. "आणि तपासणारे बाहेरगावचे असतील."

ओब्रादने कोबीच्या गुंडाळ्यांचं भांडं उचललं आणि वाढायला सुरुवात केली ती चुलीकडच्या टोकापासून.

परीक्षा झाली. यागोदा पहिली आली, नेवेना दुसरी. जागा एकच होती. लेकीला काय तोंड दाखवावं हे ओब्रादला कळेना. पण तीच घरात आली, बॅग उचलून पुन्हा कपाटावर ठेवली आणि म्हणाली, "दुसरी आले, बाबा. पण खरीखुरी दुसरी. पुढच्या परीक्षेला किती पल्ला गाठायचाय ते तरी आता कळलं."

तर बंधूंनो, भगिनींनो, आपल्या लेकराचं भलं कुणाला नको असतं? पण मागच्या दाराने मेहेरबानी घरात आली की यजमान खाली बसतो आणि शेजाऱ्याची पोर चुलीकडे सरकते. दार सगळ्यांना सारखं उघडं असू द्या. मगच आपलं लेकरू ज्या दिवशी आत येईल, त्या दिवशी ते ताठ मानेने येईल. आणि तोवर आपण उभं राहून वाढत राहावं. तसबिरीतला धनी सगळं बघत असतो.