काडीवाल्यांचा कोट

सुनेचं कौतुक करताना सासूची जीभ जड होते म्हणतात. माझी होत नाही. अर्थात माझा राग तिच्या वाट्याला जितका आलाय तितका पोटच्या पोराच्याही आलेला नाही, तेव्हा फिट्टंफाट.

आमचं पुरुषांचे कोट शिवायचं दुकान आहे. दोन मशीन, लांबलचक कापायचं टेबल, भिंतीला आरसा आणि खिडकीत बिनडोक्याचा पुतळा. सून लग्न होऊन आली तेव्हा सुईत दोरा ओवताना जीभ बाहेर काढायची. आज तिची कात्री कापडावर चालते तेव्हा मी हातातलं काम ठेवून बघत बसते. माझ्यापेक्षा तिचा हात साफ आहे, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगते.

मग तिनं एका कोटाचा फोटो फोनवर टाकला. लोकांना आवडला. खोटं कशाला बोलू, मीही तो शेजारणीला दाखवत फिरले. पण पुढे पुढे सकाळी डोळे उघडायच्या आधी हिचा हात फोनवर जायला लागला. फोटो आवडणाऱ्यांचा आकडा चढला की बाई खुशीत, घसरला की ताटातलं अन्न चिवडत बसायची. कुणीतरी लिहिलं, ‘कॉलर बेंगरूळ.’ दिवसभर ही तेच वाचत बसली. सुई कुठल्या बाजूनं धरतात तेही ठाऊक नसलेला कोण कुठला उपटसुंभ, आणि त्याच्यापायी माझ्या घरातली भाजी करपायची. मुलगा म्हणाला, “आई, हल्ली धंदा असाच चालतो.” मी म्हटलं, “धंदा चालतोय रे बाबा, पण तुझी बायको झोपत नाहीये.”

त्याहून वाईट म्हणजे कोट बदलायला लागले. बाही जिथं अंगाला जोडतात त्या गोलाला आम्ही मुंढा म्हणतो. तो बगलेला लागून वर कापला तर हात मोकळा राहतो, पण हात खाली सोडल्यावर तिथं एखादी सुरकुती पडते. फोटोत ती सुरकुती दिसते. म्हणून ही मुंढा खाली खाली उतरवायला लागली. कोट दिसायचा झकास. मी बोलले की म्हणायची, “आई, लोकांना हेच आवडतं.” लोक म्हणजे कोण, तर ज्यांना तो घालायचा नाही ते.

आमच्या दुकानाची एक रीत आहे. ट्रायलला गिऱ्हाइकाला त्याचं रोजचं काम करायला लावायचं. मास्तर असेल तर भिंतीवर लिहायचं, ड्रायव्हर असेल तर खुर्चीत बसून गाडी वळवायची. एका दातांच्या डॉक्टरसाठी तर मीच आ वासून बसले होते. लोक हसतात, पण कोट घेऊन भांडायला कुणी येत नाही.

आणि नेमकी ही रीत चुकली ती काडीवाल्यांच्या वेळी. काडीवाले म्हणजे एका मोठ्या वाद्यवृंदाचे संचालक. सगळ्या वादकांपुढे उभे राहून हातातल्या काडीनं संगीत चालवतात. त्यांच्या ट्रायलला मी तापानं अंथरुणात होते. सुनेनं त्यांना खिडकीपाशी उभं केलं, हात खाली, हनुवटी वर, हलू नका, आणि फोटो काढले. गरीब माणूस, हलला नाही. त्या फोटोनं तिचे आधीचे सगळे आकडे मागे टाकले.

ते कोट न्यायला आले तेव्हा मी हजर होते. म्हटलं, “काडी आणलीय ना? करा सुरू.”

त्यांनी हात उचलले आणि कोट त्यांच्याबरोबर उठला. कॉलर कानाला लागली, मान आत गेली, खालून शर्ट बाहेर आला. हात खाली येताच कोट पुन्हा देखणा.

सुनेच्या हातातला फोन घरघरत होता. तिचा चेहरा उतरला.

“काही हरकत नाही,” काडीवाले हळूच म्हणाले. “कोट फार सुंदर दिसतो. आमच्या सगळ्या वादकांनी फोटो पाहिलाय. मी कार्यक्रमाच्या दिवशी हात जरा कमी उचलेन.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुनेनं विचारलं, “कमी उचलले तर काय होईल?”

“मागच्या रांगेला दिसणार नाही. ते दबकून वाजवतील. ऐकणाऱ्यांना नाही कळायचं.”

“तुम्हाला कळेल ना?”

ते काडी बोटांत फिरवत राहिले.

“काढा कोट,” ती म्हणाली.

कापलेलं कापड परत येत नाही. एकच उपाय होता, बगलेत जोड देऊन मुंढा वर आणायचा. मी मुद्दाम म्हटलं, “जोड फोटोत दिसेल हं.”

“दिसू दे. आई, हा फोन तुमच्याकडे ठेवा. मी मागितला तरी देऊ नका.”

देण्याआधी तिनं त्या फोटोखाली लिहिलं, ‘या कोटात हात वर होत नाही. चूक माझी आहे.’ मग टाचण्या तोंडात धरून शिवण उसवायला बसली. दुपारी तिनं फोन मागितला. मी दिला नाही. पुन्हा मागितला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. तरी नाही दिला. फोटोखाली लोकांनी नको नको ते लिहिलं होतं, ते मी एकटीनं वाचलं आणि मनातल्या मनात एकेकाला धुऊन काढलं.

जोड बसल्यावर तिनं काडीवाल्यांना पुन्हा बोलावलं. “सगळ्यात जोराची जागा करून दाखवा,” म्हणाली. बिनआवाजाच्या त्या संगीतात ते हात फेकत होते आणि ही भोवती फिरत, कधी गुडघ्यावर बसून, टाचण्या लावत होती. तिला असं काम करताना मी किती दिवसांनी पाहत होते.

कार्यक्रमाला आम्ही दोघी गेलो. काडीवाल्यांनी हात उचलले, अगदी डोक्याच्या वर. कॉलर मानेला धरून राहिली. मागच्या रांगेतल्या पितळी वाद्यांनी असा आवाज काढला की माझी खुर्ची हादरली. सून त्यांच्या बगलेकडेच बघत होती.

टाळ्या पडत असताना मला राहवलं नाही. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना म्हटलं, “कोट कसा वाटला?”

“कोट?” त्या म्हणाल्या. “अहो, माझं लक्षच नाही गेलं.”

माझी तळपायाची आग मस्तकात जाणार होती. वळून सुनेकडे पाहिलं, तर ती तोंडभरून हसत होती. माझा ऊर असा भरून आला की काय सांगू.

मग मी त्या बाईंना ठणकावून सांगितलं, “जाणारच नाही. माझ्या सुनेनं शिवलाय.”