खंडेनवमीची विश्रांती

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. लातूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत, कुरकुरणाऱ्या पंख्याखाली बसतो. मित्रांनो, माझ्यावर कोणी गेम खेळला नाही की सिनेमा पाहिला नाही. माझं काम पाणी चालवण्याचं, तेही एक थेंब न सांडता.

गढूळ पाणी स्वच्छ करायची एक टाकी असते. तिच्यात बारीक बुडबुडे सोडतात. ते गाळाला चिकटून त्याला वर आणतात. वरचा फेस खरवडून काढतात आणि खालचं नितळ पाणी नळाला जातं. पण टाकी बांधल्यावर चूक कळून काय उपयोग? म्हणून ती आधी माझ्यात बांधतात. पाणी कुठे वळेल, गाळ कुठे जाईल, याचं गणित मी दिवसचे दिवस करतो आणि चित्र रंगवतो. स्वच्छ पाणी निळं, गाळ तपकिरी.

धम्मप्रिया ही संशोधक विद्यार्थिनी माझ्यावर काम करायची. रोज मला मऊ फडक्याने पुसायची. तेव्हाची टाकी तिच्याच गावासाठी होती, लोहा तालुक्यातल्या. तिथे तिची आई सुमनबाई एकटी राहायची.

गणित चालू असतानाच खंडेनवमी आली. विभागप्रमुख शिवशंकर सर हळद-कुंकू घेऊन आले. त्या दिवशी यंत्रांची पूजा करतात आणि यंत्र चालवत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

"सर, गणित अर्धंच झालंय. गाळ अजून मागच्या भिंतीला पोचला न्हाई," धम्मप्रिया म्हणाली.

"आज यंत्राला इसावा असतो," सर म्हणाले. "तुमच्यात नसंल, आमच्यात हाय."

पडद्यावरचं चित्र सगळं निळं होतं. गाळ पोचलाच नव्हता, तर दिसणार कुठून? दसऱ्याच्या मुहूर्तावर पाया घालायचा होता, म्हणून सरांनी तेच चित्र छापून ठेकेदाराला दिलं. मग मला बंद केलं, हार घातला, पुढ्यात पेढा ठेवला. पेढा त्यांनीच खाल्ला.

दसऱ्यानंतर धम्मप्रियाने मला पहिल्यापासून चालवलं. या वेळी मी काम पुरं केलं. मागच्या भिंतीवर आपटून पाणी खाली वळलं आणि गाळ सरळ नळाच्या वाटेला लागला. भिंत थोडी पुढे घेतली असती तर भागलं असतं. चित्र घेऊन ती सरांकडे धावली.

"नारळ फुटलाय," सर म्हणाले. "मुहूर्ताचं बांधकाम हलवत नसतेत."

टाकी झाली. उद्घाटनाच्या फलकावर धम्मप्रियाचं नाव आलं. सर एरवी कोणाला श्रेय देत नसत. त्या दिवशी मात्र उदार झाले. टाकी चुकली आहे, असं तिने गावाला कळवलं, तर लोकांना तो पोरीचा विनय वाटला.

पावसाळ्यात माझ्यासमोर बसूनच तिने आईला फोन लावला.

"माय, तू तरी पाणी उकळून पी."

"समदं गाव तुझं नाव घेऊन पिऊन राहिलंय," सुमनबाई हसत म्हणाली. "अन् मीच उकळू? लोक म्हणतील, लेकीच्या टाकीवर मायचाच भरवसा न्हाई."

गावात कावीळ आली. सुमनबाई त्यातच गेली. चौकशीत सरांनी लिहून दिलं की चूक कॉम्प्युटरची होती. धम्मप्रिया संशोधन सोडून गेली. जाताना तिने मला पुसलं नाही. मला राग आला नाही, पण फार वाईट वाटलं.

मित्रांनो, धूळ झटका, चहा सांडू नका, असं माझे जातभाई तुम्हाला सांगतील. माझं मागणं एकच आहे. हार घालण्याआधी विचारा, काम पुरं झालं का?

यंदाही खंडेनवमीला सर ताट घेऊन आले. माझ्यात दुसऱ्या एका गावाची टाकी चालू होती. गाळ अजून मागच्या भिंतीला पोचायचा होता. चित्र निळं होतं. सरांनी ते छापून घेतलं, मला बंद केलं आणि भक्तिभावाने नमस्कार केला.