एकाहत्तर अंशांचा मंत्र

शनिवारी दुपारी बारा वाजता डॅन्यूबकाठच्या दोल्नी ब्र्यास्त या गावी, वाचनालयाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. दीडशे खुर्च्यांवर दोनशे माणसं बसली होती, शिवाय भिंतीला टेकून उभी असलेली वेगळी. मागच्या महिन्यात याच सभागृहात एका पुस्तकाचं प्रकाशन झालं होतं. त्याला नऊ जण आले होते आणि त्यातले चार लेखकाच्या घरचे होते.

मंचावर बाबा गिनका बसली होती. त्या मुलखात बाबा म्हणजे आजी. धंदा मात्र आपल्या ओळखीचाच. तिच्यापुढे लिंडनच्या फुलांच्या चहाचा वाफाळता कप, शेजारी गार पाण्याचा वाडगा आणि एक लाल कापड. ध्वनिक्षेपक तिचा भाचा बोर्को याच्या हातात होता.

"तुमच्या आज्या कुर्शुम ओतायच्या," तो म्हणाला. "कशावर वितळवायच्या? चुलीवर. आग कुणाला लागते? ज्याची प्रार्थना थंड असते त्याला. आमच्या बाबाला आग लागत नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी दाराजवळ बसावं, म्हणजे जाताना इतरांना धक्का लागणार नाही."

सभागृह हसलं. दाराजवळ बसलेल्यांनी खुर्च्या जरा पुढे ओढल्या.

कुर्शुम म्हणजे शिसं. बंदुकीच्या गोळीलाही तिथं तोच शब्द आहे. कुणी दचकला, रात्री ओरडला, बोलेनासा झाला, की एखादी म्हातारी शिसं वितळवून त्याच्या डोक्यावर धरलेल्या गार पाण्यात ओतते आणि थिजलेल्या आकारावरून भीती कशाची ते सांगते. ही पद्धत जुनी. चहात वितळणारं कुर्शुम मात्र नवं होतं.

तिसऱ्या रांगेत तेरा वर्षांची रालित्सा आई रुमियानाशेजारी बसली होती. आईच्या मांडीवर सहा वर्षांचा स्पास होता. स्पासला फिट्स येत. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ घ्यायचं एक सरबतासारखं औषध दिलं होतं आणि गेल्या पाच महिन्यांत एकही फिट आली नव्हती. पण आईला पाच महिने पुरेसे नव्हते. तिला मुलगा कायमचा बरा हवा होता, आणि डॉक्टर 'कायमचा' हा शब्द उच्चारत नव्हते. गिनका उच्चारत होती.

स्पासचा नंबर आला. गिनकाने करड्या धातूचा बोराएवढा खडा चहात टाकला आणि डोळे मिटून पुटपुटू लागली. अर्ध्या मिनिटात खड्याच्या कडा ढिल्या पडल्या आणि तो कपाच्या तळाशी चकचकीत थेंब होऊन लोळू लागला. बोर्कोने कप तिरपा करून पुढच्या रांगांना दाखवला. बायकांनी क्रुसाची खूण केली. रालित्साच्याही अंगावर काटा आला. मग स्पासच्या डोक्यावर लाल कापड, त्यावर वाडगा, आणि पाण्यात चर्र न करता उतरलेलं कुर्शुम.

"कुत्रा," गिनकाने निकाल दिला. "पोराला कुत्र्याची भीती बसलीये."

त्या गावात कुत्र्याला न घाबरलेलं मूल अजून जन्मायचं होतं. तरी आई रडू लागली.

"हा चहा घरी न्या. सात दिवस, रोज तीनदा, एक-एक घोट. पुढच्या शनिवारी परत या. आणि ती डॉक्टरची बाटली घरात ठेवू नका, लेकी. बाटली असली की भीतीला लपायला जागा मिळते."

"आणि कुर्शुम?" मागून एका म्हातारीने विचारलं. "आमच्याकडे ते उशीखाली ठेवायला घरी देत."

"भीती माझ्याबरोबर परत गेली पाहिजे, स्तोइका आजी," असं म्हणत बोर्कोने वाडग्यातले सगळे तुकडे चिमट्याने उचलून डब्यात टाकले.

बोर्को कपातला चहा बाटलीत ओतत असताना रालित्साने कपात पाहिलं. आधीच्या सात मुलांचं कुर्शुम याच कपात वितळलं होतं. कडेला मधाचा चिकट थर, लिंबाच्या बिया, आणि तळाशी राखेसारखा गाळ. तो गाळसुद्धा त्याने हलवून बाटलीत घेतला, काही वाया जाऊ नये म्हणून. 

शाळेची प्रयोगशाळा त्याच शरद ऋतूत, अकरा वर्षांनी उघडली होती. खणांत उंदरांच्या लेंड्या होत्या आणि सिंकच्या नळाला गंजाचं पाणी येत होतं. रसायनशास्त्राच्या दोब्रेवा बाई नव्या होत्या. सातवीच्या मुलांना स्फोट हवे होते. बाईंनी त्यांना मेणबत्तीचं मेण दिलं आणि दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहायला लावलं. पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येकाच्या वहीत मधोमध रेघ मारायला सांगितली होती. डावीकडे 'पाहिलं', उजवीकडे 'वाटलं'.

दुसऱ्या तासाला बशीत एक पांढरी पूड आली. सगळ्यांनी 'पाहिलं'मध्ये 'मीठ' लिहिलं.

"मीठ आहे असं मी म्हणाले होते का?" बाईंनी विचारलं.

"मिठासारखं दिसतंय, बाई."

"मग तेवढंच लिहा. पांढरी पूड. नाव तपासून मिळतं, दिसून नाही."

पूड तुरटीची होती. वर्गात सहापैकी सहा कुणालाच मिळाले नाहीत, रालित्साला तीन. म्हणजे कशीबशी पास. ती घरी येऊन म्हणाली होती, "ही बाई नाही, कस्टमवाली आहे."

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी रालित्साने वही पुढे केली. डावीकडे लिहिलं होतं: 'गरम चहात कुर्शुम वितळलं.'

बाईंनी पेन्सिलने एक शब्द खोडला. कुर्शुम.

"ते शिसंच होतं कशावरून?"

"सगळे तेच म्हणत होते, बाई."

"सगळे म्हणतात ते उजवीकडे."

"पण करडं होतं, जड होतं, वितळत होतं."

"आपल्याकडे करडं, जड आणि वितळणारं जे काही असेल त्याला कुर्शुम म्हणतात. हीच तर त्यांची सोय आहे." बाईंनी खणातून गळाला लावायचं शिशाचं वजन काढलं. "हे खरं. डॅन्यूबवर मासे धरणाऱ्या कुणालाही विचार. पाणी उकळायला ठेव आणि हे त्यात सोड."

पाणी उकळलं. पारा शंभरावर थांबला. वजन तळाशी दहा मिनिटं तसंच पडून राहिलं. मग बाईंनी ते लोखंडी पळीत घेऊन ज्योतीवर धरलं, खिडकी उघडून, मुलांना मागे सरकवून. बऱ्याच वेळाने ते वितळलं.

"तीनशे सत्तावीस अंश," बाई म्हणाल्या. "आपला थर्मामीटर तिथवर जात नाही. तेवढा आकडा मी पुस्तकातून घेतला, म्हणून शेजारी 'पुस्तक' असं लिही. चहा कितीही भक्तिभावाने केला तरी शंभराच्या वर जात नाही."

"मग तिच्या कपात काय होतं?"

"नमुना नाही, म्हणून सांगता येत नाही. अंदाज सांगते, उजवीकडे लिही. बिस्मथ, शिसं, कथील आणि कॅडमियम एकत्र वितळवले की सत्तर अंशांच्या आसपास वितळणारा धातू होतो. आग विझवणाऱ्या फवाऱ्यांची बुचं त्याची करतात. आग लागली की बूच वितळतं." त्या थांबल्या. "तो चहा कुणी पितंय का?"

"माझा भाऊ," रालित्सा म्हणाली.

त्याच संध्याकाळी बाई रालित्साच्या घरी गेल्या. आईने दार साखळीएवढंच उघडलं.

"शिसं आणि कॅडमियम दोन्ही विषारी आहेत," बाई म्हणाल्या. "लिंबामुळे ते चहात जास्त उतरतात. चहा बंद करा, औषध चालू ठेवा. माझं ऐकू नका हवं तर, डॉक्टरांना फोन करा."

"तुम्हाला मूलबाळ आहे का, बाई?"

"नाही."

आईने दार लावलं.

बुधवारी सकाळी स्पासला फिट आली. स्वयंपाकघराच्या फरशीवर, दुधाच्या पेल्यासकट. रालित्साने बाईंनी सांगितलं नव्हतं तेही केलं: घड्याळ पाहिलं. तीन मिनिटं दहा सेकंद. तिने भावाला कुशीवर वळवून धरलं. आई शेजारी गुडघ्यांवर बसून म्हणत होती, "भीती बाहेर पडतेय. गिनका म्हणाली होती, आधी वाढेल, मग जाईल."

"आई, औषध बंद केलंस म्हणून आलीये."

"तू गप्प बस. तुला सगळं वहीत दिसतं."

ओली पँट बदलताना स्पासच्या खिशातून नखाएवढा, पसरट करडा तुकडा पडला. त्याने तो शनिवारी बोर्कोचा चिमटा येण्याआधीच वाडग्यातून उचलला होता.

"माझा कुत्रा आहे," तो जड जिभेने म्हणाला. "घेऊ नको."

"देईन परत," रालित्सा म्हणाली, आणि त्याच्याशी ती पहिल्यांदा खोटं बोलली.

गुरुवारी प्रयोगशाळेत त्या कुत्र्याचे दोन भाग झाले. एक परीक्षानळीत घालून पाण्यात तापवला. बाई हात मागे बांधून उभ्या राहिल्या आणि आकडे रालित्साने वाचले. साठ, काही नाही. पासष्ट, काही नाही. एकोणसत्तरला कडा चमकली. एकाहत्तरला थेंब झाला. तिने तीनदा केलं, तिन्ही वेळा एकाहत्तर. हा आकडा तिने डावीकडे लिहिला. धातूंची नावं उजवीकडेच राहिली.

दुसऱ्या शनिवारी सभागृह आणखी भरलं. आई स्पासला घेऊन मंचावर चढली आणि तिच्यामागे रालित्साही. दोब्रेवा बाई दुसऱ्या रांगेत बसल्या.

"यावेळी कुर्शुम आमचं," रालित्सा म्हणाली आणि गळाचं वजन गिनकापुढे ठेवलं. "वडिलांच्या गळाचं आहे. घरचंच आणलंय."

बोर्को हसला. "पोरी, बाबा स्वतःचं कुर्शुम वापरते."

"का बरं?" मागून स्तोइका आजी उठली. "माझी आजी घरचंच आणायला लावायची. परकं कुर्शुम चालतंच नसे. टाक की गिनका, ते. कुर्शुम ते कुर्शुम."

"टाका, टाका," दोन-चार कोळ्यांनी री ओढली. त्यांना ते वजन ओळखीचं होतं.

गिनकाने वजनाला बोटही लावलं नाही. "यानं मासे मारलेत. रक्त लागलंय त्याला."

"मागच्या वेळी बोर्को म्हणाला, बंदुकीच्या गोळीचं कुर्शुम सगळ्यात पवित्र," स्तोइका आजी म्हणाली. "गोळीनं काय फुलं वेचतात?"

लोक हसले, पण आता हसू मंचाकडे तोंड करून होतं. बोर्कोने वजन उचलून चहात टाकलं; न टाकून चालणार नव्हतं. गिनका पुटपुटली. एक मिनिट गेलं, तीन गेली, पाच गेली. वजन तळाशी वजनासारखं पडून राहिलं.

"इथं कुणीतरी अश्रद्ध आहे," गिनका म्हणाली.

"मी आहे," रालित्सा म्हणाली. तिने वाचनालयाच्या स्वयंपाकघरातून कप आणला, त्यात त्यांच्याच थर्मासमधलं गरम पाणी ओतलं, थर्मामीटर ठेवला आणि खिशातल्या कागदातून कुत्र्याचा उरलेला अर्धा भाग काढला. "हा तुमच्या वाडग्यातला. मला प्रार्थना येत नाही, म्हणून शाळेच्या खानावळीच्या फळ्यावरचं म्हणते. सोमवार, घेवड्याचं सूप. मंगळवार, मसूर. बुधवार, भात आणि दही. गुरुवार, पुन्हा घेवडा."

गुरुवारच्या घेवड्याला धातूचा थेंब झाला होता.

"पाणी ब्याऐंशी अंश आहे," ती म्हणाली. "हे एकाहत्तरला वितळतं. सूप म्हणा, प्रार्थना म्हणा, काही न म्हणा. शिसं यात वितळत नाही. हे निखळ शिसं नाही. यात काय काय आहे ते प्रयोगशाळा सांगेल, आणि जे काही आहे ते माझा भाऊ आठवडाभर पितोय."

 बोर्को डबा बंद करू लागला. तो पूर्वी शहरात इमारतींना आग विझवणारे फवारे बसवायचा, हे नंतर पोलिसांच्या टिपणात आलं. डब्यात बुचांचे सव्वा किलो तुकडे सापडले.

इथं टाळ्या पडल्या असं लिहायला आवडलं असतं. पडल्या नाहीत. मागच्या रांगेतल्या एका बाईने विचारलं, "म्हणजे आज आमचा नंबर लागणार नाही का?" आणखी दोघींनी चहाची बाटली तेवढी मिळेल का, अशी चौकशी केली. दोघे जण रालित्साला ढकलून बोर्कोजवळ गेले आणि त्याला निसटायला मागच्या दाराची वाट दाखवू लागले. तळाशी गाळ असलेला तो कप टेबलावरच राहिला, आणि जाता जाता एका म्हाताऱ्याने उरलेला घोट पिऊन टाकला.

घरी आईने फोन खाली ठेवला. स्पास टेबलाखाली खेळत होता.

"औषधाची बाटली फेकलीस?" रालित्साने विचारलं.

आईने मान वर उडवली: नाही. मग ती फळीवरच्या मिरचीच्या लोणच्याच्या बरण्यांमागे हात घालून औषध काढून घेऊन आली. धुळीत तिच्या बोटांचे ताजे ठसे होते. ती रोज येऊन बाटलीला हात लावून परत जात असावी.

"डॉक्टरांशी बोलले," ती म्हणाली. "आत्ता द्यायचं. सोमवारी रक्त तपासायला न्यायचं, शिशासाठी." तिने मापाची टोपी उजेडात धरली. "किती?"

"पाच मिली. रेघेपर्यंत."

"ही रेघ?"

"ती नाही, वरची. डोळ्यासमोर सरळ धर आणि मग वाच."

आईने टोपी डोळ्यासमोर धरली, पुन्हा धरली, रेघेवरचा एक थेंब बाटलीत परत टाकला आणि मगच मुलाला हाक मारली.

डॉक्टर 'कायमचा' म्हणत नाहीत, कारण तो शब्द त्यांनी पाहिलेला नसतो. जो म्हणतो, त्याला एवढंच विचारावं: तुमच्या कपात काय आहे, आणि आमचं घरचं टाकलं तर चालेल का?