दयाराम येईपर्यंत

विमानतळ येणार, भाव वाढणार, म्हणून राजसने पनवेलला फ्लॅट घेतला, पुण्याहून आईला आणून त्यात ठेवलं आणि वर्षभरात स्वतः बायकोला घेऊन जर्मनीला निघून गेला. विमानतळ आला. भावही वाढले. आशालताबाई नवव्या मजल्यावर फ्लॅट राखत बसल्या.

रोज संध्याकाळी राजसचा फोन यायचा. गोळ्या घेतल्यास? कामवाली आली होती? गॅस बंद केलास? सगळ्याला त्या 'हो' म्हणायच्या. एखाद दिवशी 'नाही' म्हटलं असतं तरी तिकडून 'गुड' हेच आलं असतं, याची त्यांना खात्री होती. मुलगा वाईट नव्हता. पण कोणी खरोखर काही विचारलंय आणि उत्तराची वाट बघतंय, असं त्यांच्या बाबतीत बऱ्याच दिवसांत घडलं नव्हतं.

लिफ्टमध्ये भेटलेल्या सुमती गद्रेंनी मात्र वेगळाच प्रश्न केला. "पत्ते येतात का हो तुम्हाला?"

"लॅडिस येतं. मेंढीकोट येतो."

"मग ब्रिजही येईल. शनिवारी चला माझ्याबरोबर. आमचा चौथा गडी पडलाय."

चौथा गडी खरोखरच पडला होता. दयाराम कोळी, बंदरातून निवृत्त झालेला माणूस, न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडून घेऊन बसला होता आणि ऑपरेशननंतर द्रोणागिरीला लेकीकडे जाऊन राहिला होता. मागे उरले तिघे. सुमतीबाई, त्यांचे यजमान सत्यजीत, आणि दयारामचा वीस वर्षांचा भिडू गुरुदत्त पेंडसे. ब्रिज हा असा आडमुठा खेळ आहे की तिघांत होत नाही. समोरासमोर दोन जोड्या लागतात म्हणजे लागतातच.

वडाळे तळ्याजवळ ज्येष्ठ नागरिकांचा एक हॉल आहे, त्याच्या कोपऱ्यात दर मंगळवारी आणि शनिवारी यांचं टेबल असायचं. गुरुदत्तांनी आशालताबाईंकडे चष्म्यावरून पाहिलं. बँकेत मॅनेजर होते ते, कर्जाच्या अर्जाकडे पाहावं तसं पाहिलं. अडला हरी कोणाचे पाय धरतो, ते आशालताबाईंना शाळेपासून पाठ होतं, आणि त्या म्हणीत आपली जागा कोणती तेही कळत होतं.

"बसा," गुरुदत्त म्हणाले. "दयाराम येईपर्यंतच आहे हं हे."

"हो, हो. मी काय, नुसती पत्ते धरायला," आशालताबाई म्हणाल्या आणि बसल्या.

पहिला महिनाभर त्यांनी बोलणी खाल्ली. पत्ते बघून 'अगंबाई' म्हणायचं नाही. भिडूकडे बघून भुवई उडवायची नाही. उसासासुद्धा टाकायचा नाही, ती लबाडी होते. आपल्या हातात काय आहे ते भिडूला सांगायचं, पण फक्त बोली लावताना, ठरलेल्या मोजक्या शब्दांत. "आणि पास म्हटलंत, तर तेही सांगणंच असतं," गुरुदत्त म्हणायचे. "गप्प बसणाऱ्याच्या हातात काय नाही, ते कळतं."

एवढं ऐकून घ्यायचं या वयात कोणी सांगितलंय, असं दर शनिवारी त्यांच्या मनात यायचं. मंगळवारी मात्र त्या चारच्या ठोक्याला साडी बदलून तयार.

मग एका मंगळवारी गुरुदत्त म्हणाले, "फोर नो-ट्रम्प."

हा एक ठरलेला प्रश्न असतो. भिडू, तुझ्याकडे एक्के किती? शिकवताना सांगितला होता, खेळात आजवर आला नव्हता. आशालताबाईंनी हातातले पत्ते पुन्हा पाहिले. इस्पिकचा एक्का होता, चौकटचा होता. समोरचा म्हातारा नजर पत्त्यांत घालून थांबला होता. घाई करत नव्हता, उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखं 'गुड' म्हणत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं आणि त्याचं पुढचं सगळं यांच्या उत्तरावर अडलं होतं.

"फाइव्ह हार्ट्स," त्या म्हणाल्या. म्हणजे दोन.

गुरुदत्तांनी तेवढ्यावर विश्वास ठेवला आणि तेरापैकी बारा हात करायची बोली लावली. बोली लावणाऱ्याचा भिडू म्हणून नियमाप्रमाणे आशालताबाईंना आपले पत्ते उघडे करून टेबलावर मांडायचे होते. त्यांचा खेळ तिथे संपला, आता दोघांचं गुरुदत्त खेळणार. मांडलेल्या पत्त्यांवरून त्यांनी एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "थँक यू, पार्टनर."

ही आपली रीत. भिडूने रद्दी मांडली तरी असंच म्हणायचं असतं. आशालताबाईंना ते माहीत होतं, तरी डोळे भरून आले आणि त्यांनी पदराने चष्मा पुसून घेतला. बारा हात झाले की नाही, ते त्यांना नंतर सुमतीबाईंना विचारावं लागलं. झाले होते.

माणूस प्रेमात पडतो तो असा. सत्तरीला आलेल्या बाईने पडू नये असं कुठे लिहिलेलं नाही, आणि त्या काही म्हाताऱ्याच्या प्रेमात पडल्या नव्हत्या. त्या पडल्या त्या विचारण्याच्या प्रेमात. स्वयंपाक करताना त्यांच्या ओठांवर बोली यायला लागल्या. राजसला एकदा त्यांनी मोठ्या उत्साहाने सगळा डाव सांगितला. "नाइस, आई," तो म्हणाला. "गोळ्या घेतल्यास ना?"

गणपतीच्या जरा आधी त्या हॉलवर लवकर पोचल्या, तर दारात एक बाई उभी. हातात किल्ली.

"मी विनिता. दयाराम कोळींची लेक," ती म्हणाली. "पत्त्यांच्या कपाटाची दुसरी चावी बाबांकडं राहिली होती, ती द्यायला आले. गुरुकाका नाय आले?"

"येतील. मी देते त्यांना. बाबा कसे आहेत?"

"बरं हाय आता. काठी घेऊन चालतात. दोन-तीन तास बसवतं. फकस्त कोनी गाडीनं न्यायला आलं पायजे, मला मच्छीचा धंदा आन् नवरा गोदामात." विनिताने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. "काकांचा फोन येतो तं बाबा म्हणतात, बघू, घाई नाय. आन् फोन ठेवला का पलंगावर चार जागी पत्ते वाटतात. या कुशीवरून त्या कुशीवर होतात आन् चौघांचं एकटेच खेळतात. मी म्हणलं, काकांना सांगा ना. तं म्हणतात, त्यांना चौथा गावलाय, आपण कशाला मधी. मावशी, तुमी सांगाल काकांना?"

"सांगते," आशालताबाई म्हणाल्या.

किल्ली त्यांनी दिली. निरोप दिला नाही. आज डाव रंगलाय, शनिवारी सांगू. शनिवारी गुरुदत्तांचं डोकं दुखत होतं. मंगळवारी सुमतीबाईंनी मोदक आणले होते, त्यात कुठे हा विषय. कारणांना काय तोटा. मनातून त्यांना पक्कं ठाऊक होतं की एका टेबलाला चार खुर्च्या असतात आणि आपण दुसऱ्याच्या खुर्चीत बसलोय.

गणपतीत गद्रे मंडळी कोकणात गेली आणि खेळ बंद पडला. तळ्यापाशी ढोल वाजत होते, नवव्या मजल्यापर्यंत नुसता घुमारा येत होता. राजसचा फोन होऊन गेल्यावर आशालताबाईंनी खणातून पत्त्यांचा कॅट काढला, पिसला, आणि जेवणाच्या टेबलावर वाटायला पहिला पत्ता उचलला. तेवढ्यात त्यांना तो पलंग दिसला. कधी न पाहिलेला माणूस, दुखऱ्या कुशीवर वळून भिडूचे पत्ते उचलणारा. त्यांना स्वतःची शरम वाटली. पत्ता त्यांनी परत ठेवला आणि खण लावून टाकला.

पुढच्या मंगळवारी पत्ते वाटायच्या आधीच त्या म्हणाल्या, "दयारामभाऊंना आता बसता येतं. गाडीने आणायला हवं फक्त. त्यांची लेक मला सांगून गेली होती."

"कधी?" गुरुदत्तांनी विचारलं.

"चावी दिली तेव्हा."

गुरुदत्त रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त सत्यजीतना म्हणाले, "शनिवारी तुझी गाडी आहे ना?"

शनिवारी दयाराम आला. काठी टेकत, सदऱ्याला इस्त्री करून. आशालताबाई आधीच खुर्चीतून उठून उभ्या होत्या.

"ताई, तुमी उठू नका," तो म्हणाला.

"पाच जणांत आळीपाळीने खेळू की," सत्यजीत म्हणाले. "त्यात काय."

आशालताबाईंनी गुरुदत्तांकडे पाहिलं. त्यांनी एक शब्द म्हणावा, एवढंच त्यांना हवं होतं. गुरुदत्त पत्ते पिसत होते. दयारामच्या काठीला धक्का लागू नये म्हणून त्यांनी आपली खुर्ची जरा मागे घेतली आणि पिसतच राहिले.

"मी बघते आज," आशालताबाई म्हणाल्या आणि दयारामच्या मागे स्टूल घेऊन बसल्या.

बघणाऱ्याने तोंड उघडायचं नसतं, हाही नियमच. तिसऱ्या की चौथ्या डावाला गुरुदत्त म्हणाले, "फोर नो-ट्रम्प." आशालताबाईंनी दयारामच्या खांद्यावरून झटकन एक्के मोजले. दोन होते. उत्तर ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

"फाइव्ह हार्ट्स," दयाराम म्हणाला.

त्याने पत्ते मांडले. "थँक यू, पार्टनर," गुरुदत्त म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला. इतके महिने आपल्याला जे मिळालं ती रीत होती, हे आशालताबाईंना तेव्हा कळलं.

निघताना सत्यजीत गाडी आणायला गेले. पायरीवर दयाराम आणि त्या, दोघंच.

"मी नसतो आलो तं चाललं आसतं," दयाराम म्हणाला. "तुमी सांगितलंत."

"उशिरा सांगितलं."

"मीबी नसतं सांगितलं लवकर." त्याने काठी सावरली. "एक आयका ताई. घरी एकट्यानं वाटून खेळू नका. सवय लागते."

"नाही खेळणार," आशालताबाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी दिवा लावला. राजसचा फोन आला. गोळ्या घेतल्या होत्या, गॅस बंद होता. मग त्यांनी खण उघडला, कॅट काढला आणि टेबलाच्या चारी बाजूंना सावकाश पत्ते वाटले. आपला हात लावून घेतला. चांगला होता.

"फोर नो-ट्रम्प," त्या म्हणाल्या, आणि उत्तर द्यायला उठून समोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या.