ड्रमचं अस्तर

"सारा जलम गेला, माझ्यासाठी एक पत्रा वाकवला न्हाय ह्या माणसानं. आता बघा, कशी कंबर वाकलीया."

माया हे लसणाला म्हणाली. पण ती लसूण सोलत बसली होती ती जागा परसातल्या कुंपणाला लागून, आणि कुंपणापलीकडे यल्लव्वा कपडे वाळत घालत होती. आपल्याला कानडीच येते, मराठी नाही, असं यल्लव्वा सगळ्यांना सांगते. कुरकुर मात्र तिला कुठल्याही भाषेतली कळते.

"एनु अक्का?"

"काय न्हाय. लसूण वला हाय, म्हणलं."

परसात आडव्या ठेवलेल्या लोखंडी ड्रममध्ये धम्मानंद कमरेपर्यंत शिरला होता. मायाला नवऱ्याचे दोन पाय आणि पँटीला बसवलेलं ठिगळ तेवढं दिसत होतं. शेजारी मोबाईलचा उजेड धरून सून उभी होती.

"मामा, आत हे तांबूस काय आहे? गंज?"

"गंज न्हाय, बाळ. अस्तर. माल पत्र्याला लागू नये म्हणून आतनं लावत्यात." आवाज विहिरीतून यावा तसा येत होता. "हे सगळं जाळून काढायचं, खरवडायचं. न्हायतर धुराबरोबर ह्येच कोंबडीत उतरंल. जहर हाय."

बाळ. लसणाची एक पाकळी मायाच्या नखाखाली चेचली गेली.

धम्मानंदानं हुबळीकडच्या बेलूरच्या एका कारखान्यात अख्खी नोकरी पत्रे कापण्यात, वाकवण्यात, जोडण्यात घालवली. घरी आला की मात्र हातोडीकडे बघायचा नाही. एका खोलीत राहत होते तेव्हा मायानं धूर वर नेणारी नळी असलेली चूल मागितली होती. तो म्हणाला होता, "बघू." ते 'बघू' घरात गॅस येईपर्यंत चाललं. आणि ह्या रेश्मानं, लग्न होऊन वर्ष झालं नाही तोवर, जेवताना एकदा सहज विचारलं, "मामा, एखादा ड्रम मिळेल का हो? कोंबडी धुरावर भाजायची भट्टी करायची होती. नवनगरात संध्याकाळची खाण्याची गाडी लावू म्हणते." तर पुढच्याच आठवड्यात टेम्पोतून ड्रम दारात.

वर तिला जाड हातमोजेही आणले. माया अजून जुन्या धोतराच्या फडक्यानंच भांडी उतरवते.

हेही तिनं गिळलं असतं. गिळता आलं नाही ते दुसरंच. पूर्वी मायाच्या हातचं सुकं मटण खाताना धम्मानंद पहिल्या घासाला डोळे मिटायचा. बोलायचा काही नाही, नुसते डोळे मिटायचा. हल्ली तिचं जेवण तो डोळे उघडे ठेवून जेवतो, औषध घ्यावं तसं, मध्ये मध्ये पाणी पीत. आणि परवा रेश्मानं कुठूनतरी शिकून आलेलं काहीतरी केलं, तेव्हा त्यानं डोळे मिटले. मायानं ताटाच्या कडेवरून पाहिलं.

का मिटले, ते तिला ठाऊक होतं. तेच तर दुखणं.

साथीच्या त्या मोठ्या तापातून ती उठली. खारट, आंबट, तिखट हळूहळू जिभेवर परतलं. वास मात्र परतला नाही. आधी वाटलं, येईल. मग वाटलं, उशिरा येईल. मग तिनं वाट पाहणं सोडलं आणि लपवणं सुरू केलं. अमरगोळच्या बाजारात मिरचीच्या पोत्यात तोंड घालून, "ह्या पोत्यातली द्या, ती जुनी हाय," असं सांगणारी बाई ती. मसाला भाजताना डोळे झाकून फक्त नाकावर उतरवणारी. विहारात जयंतीच्या जेवणाचं मोठं पातेलं तिचंच असायचं. आधी मायाबाईचा चमचा, मग बाकीच्यांचा. तिनं काय सांगायचं, नाक मेलं म्हणून? मग उरलं काय?

मागच्या जयंतीला बायकांनी तिला पाटावर बसवलं आणि पुढ्यात लसणाचं टोपलं ठेवलं. "बसा आत्या, दमत असशीला." का ते कुणी बोललं नाही. तिनंही विचारलं नाही. घरी येऊन मात्र ती रेश्मावर चिडली, कारण त्या दिवशी पातेल्यातला डाव रेश्माच्या हातात होता.

रविवारी सकाळी ड्रम पेटवायचं ठरलं. धम्मानंदानं बुडाशी भोकं पाडून ठेवली होती. बाभळीची लाकडं आत रचली, जाळ धरला, आणि मग झाकणाच्या बिजागऱ्या वर्कशॉपातून आणायच्या राहिल्यात हे त्याच्या ध्यानात आलं. मुलानं, साकेतनं, गाडी काढली.

"हितं कुणीतरी बसाया पायजे," धम्मानंद म्हणाला. "लाकूड घालत ऱ्हायचं. हे काम डोळ्यानं कळत न्हाय, नाकानं कळतंय. जळक्या प्लास्टिकचा वास येतोय तवर जाळायचं. नुसत्या लाकडाचा यायला लागला की बास. रेश्मा, तू—"

"मी बसते," माया म्हणाली.

गाडी चालूच होती. साकेतनं बापाकडे पाहिलं. बापानं ड्रमकडे पाहिलं. तिला थांबवायला एकच वाक्य पुरेसं होतं आणि ते कुणाच्याच तोंडात येत नव्हतं.

"रेश्माबी बसंल की तुझ्यासंगं," धम्मानंद हळूच म्हणाला.

"तिला कशाला? धूर जाईल डोळ्यात. तिला मसाला वाटू दे तिचा. का मला येवढंबी जमायचं न्हाय?"

"तसं कुठं म्हणलो."

"मग जावा की."

रेश्मा हसली. सासूनं पहिल्यांदाच तिच्या कामाला हात लावला होता. "थँक्यू आत्या," म्हणत ती आत गेली. गाडी मात्र कोपऱ्यावर जराशी थांबली, मग गेली.

माया दगडावर बसली. आतलं अस्तर आधी दुधावरच्या सायीसारखं सुरकुतलं, मग फुगलं, मग त्याचे फोड फुटून काळे पापुद्रे खाली पडू लागले. बाहेरचा निळा रंगही सोलून निघाला. मायानं छाती भरून श्वास घेतला. हवा आली. गरम हवा, एवढंच.

तेवढ्यात यल्लव्वा पदर नाकाला लावून कुंपणाशी आली. "अय्यय्यो, एन वासनी अक्का! मनी सुट्टद एनु?"

"घर कशाला जळतंय. ड्रम हाय. सुनंसाठी." आणि मायाच्या डोक्यात उजेड पडला. यल्लव्वाचा पदर! पदर नाकाला आहे तोवर वास आहे. खाली आला की गेला. हातमोजेवालीला कुठून सुचायचं हे?

ती लाकूड घालत राहिली आणि डोळा शेजारच्या दारावर ठेवला. यल्लव्वा पाण्याला आली, पदर नाकाला. भांडी घासायला बसली, पदर दातात धरलेला. मग बराच वेळ दिसलीच नाही. माया बसून राहिली. गुडघे भाजत होते. मग यल्लव्वा सूप घेऊन बाहेर आली, पायरीवर निवांत बसली, तांदूळ पाखडू लागली. पदर खांद्यावर.

मायानं उरलेली लाकडं बाजूला सारली.

वारा मघाशीच फिरला होता आणि सगळा धूर आता शेताच्या अंगाला चालला होता. पण वाऱ्याकडे बघायचं तिला सुचलं नाही.

दुपारी धम्मानंद परतला तेव्हा ड्रम निवत आला होता. "गेला वास?"

"गेला."

त्यानं ड्रममध्ये डोकं घातलं. जरा जास्तच वेळ घातलं. बाहेर काढलं तेव्हा बायकोकडे न बघता तारेचा ब्रश उचलला आणि घासायला बसला. चहा झाला, ऊन उतरलं, तरी घासतच होता. बुडाशी, कडेच्या खाचेत, पुन्हा पुन्हा. दिवा लावायची वेळ झाली तरी उठेना. माया दारातून बघत होती. केवढी माया ही सुनेवर! माझी कढई एकदा घासून मागितली होती, तर म्हणाला खांदा दुखतोय.

आतून तेलाचा हात फिरवून ड्रम रात्रभर ठेवला. सोमवारी संध्याकाळी निखारे घातले, वर पेरूच्या ओल्या फांद्या, आणि मसाला मुरलेली कोंबडी आकड्यांना टांगून झाकण लावलं. घरचेच चौघं उभे होते. कोंबडी जमली तर येत्या रविवारी गाडी नवनगरात लागणार होती.

रेश्मानं झाकणाला हात घातला, काढला, पुन्हा घातला. मायानं ते पाहिलं. विहारातलं मोठं पातेलं पहिल्यांदा उघडलं तेव्हा आपणही असंच केलं होतं, हे तिला एकदम आठवलं आणि आत काहीतरी सैल झालं. पोर आहे. करू दे. आपण एक चांगला शब्द दिला तर काय झिजणार आहे?

झाकण उघडलं. धूर लोटला. मायानं सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा श्वास ओढला आणि म्हणाली, "वास तरी काय सुटलाय! गल्ली गोळा हुईल बघ!"

साकेतचा हात नाकावर होता; तो त्यानं हळूच खाली घेतला. शेजारची खिडकी धाडकन लागली.

रेश्माच्या हातात झाकण तसंच होतं. "आत्या, जळक्या प्लास्टिकच्या बादलीचा वास येतोय."

मायानं घाईनं पदर नाकाला लावला. फार उशीर झाला होता.

"सगळी कोंबडी गेली," रेश्माचा आवाज फुटला. "तुम्हीच बसला होता जाळायला. तुम्हीच म्हणालात वास गेला. आणि वर टोमणा मारताय? माझे आईबाबा आले त्या दिवशी माझ्या हातून आमटी करपली, तेव्हाही असंच म्हणालात, छान वास सुटलाय. मी गप्प बसले. मला कळतं हो, तुम्हाला माझं काही आवडत नाही. पण एवढं? मुद्दाम?"

"रेश्मा, अगं—" साकेत म्हणाला.

"नाही, त्यांना बोलू दे."

मायाला दोन दारं दिसत होती. एका दारात दुष्ट सासू उभी होती. तशा हुबळीत गल्लोगल्ली आहेत. लोक त्यांना घाबरतात, पण पातेल्यापासून उठवत नाहीत. दुसऱ्या दारात बिननाकाची स्वयंपाकीण. तिच्या पुढ्यात लसणाचं टोपलं.

तिनं पदर खाली घेतला, खांद्यावर नीट बसवला.

"व्हय," ती म्हणाली. "मुद्दाम केलं."

बोलणं सोपं गेलं. मत्सर तर खराच होता. खोटं त्यात अर्धंच मिसळावं लागलं. रेश्मानं झाकण खाली ठेवलं आणि हातमोजे काढू लागली. ते घट्ट होते, निघता निघेनात.

धम्मानंद ड्रमच्या बुडाशी उकिडवा बसला होता. तिथल्या खाचेत एक तांबूस पट्टा राहिला होता आणि त्यातून बारीक बुडबुडे फुटत होते.

"खोटं बोलतीया ती," तो म्हणाला.

"अप्पा, ऱ्हाऊ दे," साकेत म्हणाला.

"लई दिस ऱ्हाऊ दिलं. काल हे राहिल्यालं मला दिसलं. परत पेटवायला पायजे हुतं. पर का, ते सांगावं लागलं असतं. म्हणून घासत बसलो." गुडघ्यावर हात देत तो उठला. सुनेकडे वळला, पण बघत होता मायाकडे. पहिल्या घासाला डोळे मिटणं थांबलं तेव्हापासून आज पहिल्यांदाच तो तिच्याकडे असं सरळ बघत होता.

"बाळ, तुझ्या आत्याला वास येत न्हाय. त्या तापापास्नं. मला ठाव हाय, साकेतला ठाव हाय, विहारातल्या बायकांस्नी ठाव हाय. आमास्नी ठाव हाय, येवढंच फकस्त तिला ठाव नव्हतं."