निऑनमधली आई

त्या काळी बाजारातल्या निम्म्या दुकानांची नावं थोरलीच्या फुंकरीवर उजळायची. काचेची नळी जाळावर मऊ करायची, अक्षराच्या वळणाने वाकवायची, आणि वाकताना ती चेपू नये म्हणून रबरी नळीतून हलकेच फुंकत राहायचं. मग आत निऑन भरायचा. सलून असो की लॉज, सगळ्यांना तोच लाल उजेड, डोळ्यांत न घुसणारा, कडेकडेला विरघळत जाणारा. धाकटी बहीण बोलकी, ती गिऱ्हाईकं आणायची.

हात थकायच्या आधी थोरलीने एकच काम स्वतःसाठी केलं. त्यात अक्षर नाही, बाण नाही. नुसती अखंड रेघ: वेणी घालायला पाठमोरी बसलेली आई. आईचा एकही फोटो घरात नव्हता; होती ती एवढीच. ती लावली की शेजारी ठेवलेला रेडिओ खरखरायचा आणि धाकटी म्हणायची, आई आली, आता बातम्या विसरा.

पुढे थोरलीच्या डोळ्यांचा पडदा झिजला. माणसं आवाजावरून ओळखायची वेळ आली, पण भिंतीवरचा लाल उजेड तेवढा दिसायचा. कलादालनाने प्रदर्शनासाठी ती रेघ मागितली, तेव्हा तिने आधी साफ नाही म्हटलं. धाकटीने परत आणायचा शब्द दिला, म्हणून दिली. महिन्याभराने धाकटीने ती परत आणून खिळ्याला टांगली, बटण दाबलं. भिंत लाल झाली. थोरलीच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेडिओवर एक बाई हवामान सांगत होती, अगदी स्वच्छ. थोरलीने भिंतीवरचं बटण बंद केलं, पुन्हा लावलं. बाईचा आवाज जराही फाटला नाही. तिने हात उंचावून चाचपलं. बोटाखाली प्लास्टिक दबलं.

धाकटी आल्यावर तिने विचारलं, "ही कोण आणून टांगलीस?"

धाकटीने आधी हसण्यावारी नेलं, मग सांगत सुटली. खरी आई दालनाने कायमची ठेवून घेतली होती. लोक बोलता बोलता तिच्यासमोर गप्प होतात. खाली दोघींचं नाव आहे. इथे कोण बघणार होतं? आणि नक्कल तर हुबेहूब करून घेतली.

"आणि मला कधी सांगणार होतीस?"

"ताई, तुला नुसता लाल धूर दिसतो. म्हटलं, फरक कळायचा नाही."

लहानपणी धाकटीने तिला पुष्कळदा बनवलं होतं, रिबिनींवरून, खाऊवरून. पण तेव्हा पकडायला थोरलीचे डोळे शाबूत होते. या वेळी ते गेल्याचाच फायदा घेतला होता.

"तिला परत आण."

"आता नाही व्हायचं. सही केलीय मी."

"मग हे उतरव."

"भिंत ओकी दिसेल गं."

"मला काय दिसणार?"

धाकटी स्टुलावर चढली. स्टूल डुगडुगलं. "ताई, धर की जरा," ती सवयीने म्हणाली.

पाट्या लावताना जन्मभर शिडी धरली होती, तसेच थोरलीचे हात आपसूक पुढे गेले. तिला आपल्याच हातांचा राग आला. पण धाकटी खाली उतरेपर्यंत तिने ते मागे घेतले नाहीत.